राखेचें घमेलें



मांजराच्या पिलाला शौचाची शिस्त कशी लावावी, हा कांहीं व्याख्यानाचा विषय आहे काय, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटलें असेल. विषय किरकोळ आहे आणि थोडा ओंगळहि आहे. ऐन फराळाच्या वेळीं तो काढावा लागत आहे, याबद्दल गृहिणींची मी आधींच क्षमा मागतों. तथापि माझा सारा जन्म मुलांना शिस्त लावण्यांत गेला. आणि शिस्त म्हणजे काय, ती कोणीं कोणाला लावावयाची असते, हा धडा मला शाळेंत न मिळतां एका मांजराच्या पिलापाशीं मिळाला. तो मिळण्यापूर्वीं माझ्या हातून एक अपराध घडला. त्याची हकीकत ओघानें येईलच.

मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें. आपली घाण झांकण्याची विद्या मांजराच्या पिलाला शिकवावी लागत नाहीं. ती घेऊनच तें जन्माला येतें. आपण पुरवावयाची असते ती फक्त माती. ही माती मांजराला कोठें मिळत होती, ती आपल्या घरांतून केव्हां नाहींशी झाली, आणि तिच्या जागीं काय आलें, याचाच हा लहानसा इतिहास आहे.

आरंभ शब्दापासूनच करूं. संस्कृतांत मांजराला मार्जार म्हणतात. पुसणें, स्वच्छ करणें या अर्थाच्या मृज् धातूपासून हा शब्द झाला आहे. मार्जन हा शब्द त्याच कुळांतला, आणि केरसुणीला संमार्जनी म्हणतात तीहि त्याच घरची. आपल्या पूर्वजांनीं या प्राण्याला नांव देतांना त्याचीं नखें पाहिलीं नाहींत किंवा त्याची चोरी पाहिली नाहीं. तासन्तास अंग चाटीत बसण्याची त्याची संवय पाहिली. ज्या प्राण्याचें नांवच स्वच्छतेवरून पडलें, त्याला आपण स्वच्छता शिकवावयास निघतों, यांतली गंमत आपल्या ध्यानांत येईल.

ही संवय त्याला लागली कोठें? २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ९७९ मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, आणि आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रुक्ष प्रदेशांत राहणारें रानमांजर हेंच घरगुती मांजराचें मूळ होय असें दिसून आलें. आपल्या रानांतील बाऊल किंवा वाघाटी यांचा हा वंश नव्हे. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या त्या लहानशा जीवाला एकीकडे शिकार करावयाची आणि दुसरीकडे स्वतः मोठ्या जनावराची शिकार व्हावयाचें नाहीं, अशी कसरत होती. विष्ठेचा वास म्हणजे शत्रूला दिलेला पत्ताच. पायाखालीं कोरडी, भुसभुशीत वाळू होती. खड्डा करावा, बसावें आणि वर वाळू ओढावी. ज्यांनीं ओढली तीं वांचलीं असावींत, आणि त्यांचीच पिलें आज आपल्या पायांत घोटाळत आहेत.

उलट उदाहरण आमच्या जुन्नर तालुक्यांत पाहावयास मिळतें. मी राहतों तें वारूळवाडी हें नारायणगांवाला लागून, मीना नदीच्या खोऱ्यांत वसलेलें गांव आहे. या भागांत उंसाचे फड फार. आणि फडांत बिबट्या वस्तीस असतो, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं जुन्नरजवळ माणिकडोह येथें निवारा केंद्रच उभें राहिलें आहे. बिबट्या हा मांजराच्याच कुळांतला. पण तो आपली विष्ठा झांकीत नाहीं. पायवाटेवर सर्वांना दिसेल अशी ती टाकतो आणि मागच्या पायांनीं जमीन खरवडून ठेवतो. ही त्याची पाटी असते: ‘या रानाचा मालक मी.’ घरचें मांजरसुद्धां आपल्या हद्दीच्या टोकाला कधीं कधीं असेंच करतें. परंतु जेथें तें राहतें, खातें आणि निजतें, तेथें तें झांकतें. घरांत झांकणें ही त्याच्या मनाची खूण आहे. तें येथें मालकासारखें वागत नसून जपून राहणाऱ्या कुळासारखें वागत असतें.

माणसाशीं त्याचा संबंध फार जुना आहे. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस या ठिकाणीं सुमारें ९५०० वर्षांपूर्वींचें एका माणसाचें दफन सांपडलें, आणि त्याच्या शेजारींच सुमारें आठ महिन्यांच्या एका मांजराचा सांगाडा मिळाला. २००४ सालीं ही गोष्ट जगापुढें आली. त्या बेटावर मूळचें मांजर नव्हतें. अर्थात् कोणीतरी तें होडींतून समुद्रापार नेलें होतें. आपल्याकडील एक पुरावा तर फारच गोड आहे. सिंधमधील चन्हूदडो येथें १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके यांनीं उत्खनन केलें. तेथें एक वीट मिळाली. ती ओली असतांना तिच्यावरून एक मांजर गेलें आणि त्याच्या पावलावर मागून आलेल्या कुत्र्याचें पाऊल पडलें. ठसे खोल आहेत, म्हणजे दोघेंहि धांवत होतीं. चार हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. ती लिपि अद्याप आपल्याला वाचतां आलेली नाहीं, पण त्या विटेवरची हकीकत शाळेंतलें लहान मूलहि वाचूं शकेल.

मांजर आपल्याकडे आलें तें धान्याच्या मागोमाग. धान्य तेथें उंदीर आणि उंदीर तेथें मांजर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राष्ट्रावर येणाऱ्या दैवी आपत्तींची गणना आहे. अग्नि, पूर, रोग आणि दुष्काळ यांच्या पंक्तीला त्यानें उंदीर बसविले आहेत. उपाय म्हणून मांजरें व मुंगूस सोडावेत असें तो सांगतो. आणि त्यांना जो पकडील किंवा मारील त्याला १२ पण दंड ठरवितो. म्हणजे मांजराच्या जिवाला राज्यानें किंमत लावून दिली होती. आमच्या जुन्नरच्या डोंगरांत सातवाहनांच्या काळाच्या सुमाराचीं लेणीं आहेत. त्यांतील एका शिलालेखांत, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान दिल्याचें नमूद आहे. घाटमाथ्यावरील धान्य नाणेघाटानें कोंकणांत उतरविणारी ही पेठ होती. त्या श्रेणीच्या कोठारांत मांजरें होतीं असें शिलालेख सांगत नाहीं. परंतु कोठारांत उंदीर होते एवढें सांगावयास शिलालेखाची गरज नाहीं.

इतकें असून आपल्या वाङ्मयानें मांजराला चांगलें म्हटलेलें नाहीं. पंचतंत्रांतला दधिकर्ण नांवाचा बोका धर्माचा आव आणून न्यायाला बसतो आणि वादी व प्रतिवादी या दोघांनाहि खाऊन टाकतो. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पपटांत एक मांजर पुढचे पाय वर करून तपश्चर्येला उभें आहे आणि त्याच्या पायांशीं उंदीर जमले आहेत. मनुस्मृतींत ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हटलें आहे. आपल्या म्हणींतील मांजर डोळे मिटून दूध पितें, आणि शिंकें तुटलें कीं फावतें तें बोक्याचेंच. एक अपवाद मात्र सुंदर आहे. दक्षिणेंतील वैष्णव आचार्यांनीं भक्तीचे दोन प्रकार सांगतांना मर्कटन्याय आणि मार्जारन्याय अशीं नांवें योजिलीं. माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरतें. मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला दांतांत धरून नेते. तिचे दांत तिच्या पिलाला लागत नाहींत, असें आपणहि म्हणतोंच.

पुस्तकांत निंदा झाली तरी घरांत मात्र मांजराची व्यवस्था चोख होती, आणि ती कोणी ठरवून केलेली नव्हती. जुन्या घराला पुढें ओसरी, मागें परसूं आणि आंत चूल. मांजराला दोन ठिकाणें मोकळीं असत: परसांतील अळ्याची मऊ माती आणि चुलीची राख. पावसाळ्यांत परसूं चिखलानें भरलें म्हणजे माझी आजी एका फुटक्या घमेल्यांत थंड झालेली राख भरून मागच्या पडवींत ठेवीत असे. राख कोरडी, हलकी आणि उकरावयास सोपी. ओल शोषून घेते आणि पायाला टोंचत नाहीं. नवें पिलूं आलें कीं आजी त्याला दूध पाजून झाल्यावर उचलून त्या घमेल्यांत ठेवी आणि आपल्या कामाला जाई. दुसऱ्या दिवशीं त्याला कोणी ठेवावें लागत नसे. सकाळीं राख उकिरड्यावर जाई आणि नवी राख भरली जाई. आजीनें हें कोणाला शिकविलें नाहीं, आणि आम्हां मुलांना तें शिकण्यासारखें कांहीं आहे असें वाटलेंहि नाहीं.

मांजराचें महत्त्व शास्त्राच्या दृष्टीनें पुनः चर्चेंत आलें तें प्लेगच्या काळांत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व पुढल्या वर्षीं पुण्यांत त्यानें काय हाहाकार उडविला, तें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हें सीमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं मांडलें. त्यानंतर अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं वऱ्हाडांतील गांवें पाहून १९०८ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. ज्या गांवांत मांजरें बरीच, तेथें प्लेगचा उपद्रव कमी, असें त्यांचें निरीक्षण होतें. म्हणून लोकांनीं मांजरें पाळावीं, असा त्यांचा आग्रह होता. मांजरालाहि प्लेग होऊं शकतो, हें आज आपण जाणतों. तेव्हां बुकॅनन यांचा उपाय पुरा नव्हता. परंतु वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरांतलें मांजर वैद्यकाच्या मासिकांत जाऊन बसलें, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

आतां मुख्य वळणाकडे येऊं. शहरें वाढलीं, चाळी उठल्या, पुढें इमारती उंच होत गेल्या. परसूं गेलें, अंगणावर कोबा आला; चुलीच्या जागीं स्टोव्ह आणि नंतर गॅस आला. या सुधारणा इष्टच होत्या. चुलीच्या धुरानें आपल्या आयाबहिणींच्या डोळ्यांचें आणि फुप्फुसांचें काय होत होतें, तें मी पाहिलें आहे. ती चूल परत यावी असें मी चुकूनहि म्हणणार नाहीं. पण माती गेली आणि राख गेली, हें मात्र आपल्यापैकीं कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. तें ज्याच्या लक्षांत आलें त्याला बोलतां येत नव्हतें.

हीच अडचण अमेरिकेंत निराळ्या कारणानें उभी राहिली आणि तिच्यांतून एक मोठा धंदा निघाला. मिशिगन प्रांतांतील कॅसोपोलिस या लहान गांवीं एडवर्ड लो नांवाचा तरुण आपल्या वडिलांच्या धंद्यांत काम करीत होता. कारखान्यांत सांडलेलें तेल टिपून घेण्यासाठीं लागणारे पदार्थ ते विकीत. १९४७ च्या जानेवारींत के ड्रेपर नांवाची एक शेजारीण त्याच्याकडे वाळू मागावयास आली. तिच्या मांजरासाठीं ठेवलेली वाळू थंडीनें गोठून गेली होती. राख घालून पाहिली, तर मांजराच्या काळ्या पावलांचे ठसे घरभर उमटले. लो यानें वाळूऐवजीं तिला भट्टींत वाळविलेल्या दाणेदार मातीची पिशवी दिली. थोड्या दिवसांनीं ती पुनः तीच माती मागावयास आली. लो यानें पांच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ असें नांव लिहिलें आणि पिशवीला ६५ सेंट किंमत ठेविली. वाळू जवळजवळ फुकट मिळत असतांना मातीला पैसे कोण देणार, असें दुकानदारांना वाटलें. तेव्हां पहिल्या पिशव्या त्यानें फुकट वांटावयास सांगितल्या. लोक परत आले आणि पैसे देऊन माती घेऊं लागले. १९९५ सालीं लो वारला तेव्हां तो मोठा धनाढ्य झालेला होता.

ही माती कोणती? आपण ज्या मातीनें केंस धुतों, तोंडाला लेप देतों, ती मुलतानी मातीच्या जातीची! जी वस्तु आपल्या न्हाणीघरांत होती, तिचा हा उपयोग मिशिगनमध्यें निघाला आणि डबींत भरून आपल्याकडे परत आला. पुढें १९८४ सालीं टॉमस नेल्सन या रसायनशास्त्रज्ञानें बेंटोनाइट नांवाच्या मातीचा उपयोग शोधून काढला. ओल लागतांच तिचा गोळा बनतो. तेवढाच गोळा काढून टाकला कीं बाकीची माती कोरडी राहते. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छांत पुष्कळ सांपडतें. तेव्हां शहरांतील सदनिकेंत आज मांजरासाठीं जी पिशवी येते, तिच्यांत परदेशी असें फारसें कांहीं नसतें. ती आजीच्या घमेल्याचीच जागा भरून काढीत असते.

आतां माझी हकीकत सांगतों. १९८७ सालीं मीं घर दुरुस्त केलें. स्वयंपाकघरांत शहाबादी फरशी बसविली, गॅस घेतला आणि मागील परसावर कोबा घातला. शेजारपाजारचे लोक घर पाहावयास येत, आणि मलाहि थोडा अभिमान वाटत असे. त्या पावसाळ्यांत एक पांढरें-करडें पिलूं आश्रयाला आलें. मुलांनीं तें ठेवून घेतलें. चार दिवसांत त्यानें कणगीच्या मागें घाण केली, मग अंथरुणावर, आणि एके दिवशीं मीं तपासून ठेवलेल्या चौथीच्या उत्तरपत्रिकांवर. माझा राग अनावर झाला. लोक सांगत तसें मीं त्याचें नाक त्या घाणींत घासलें, दोन चापट्या दिल्या आणि बाहेर लोटलें. तें रात्रीं परत आलें आणि पहाटे कणगीमागें पुनः तेंच. तिसऱ्या दिवशीं मीं त्याला पोत्यांत घातलें, सायकलच्या मागें बांधलें आणि नदीपलीकडे उंसाच्या बांधावर नेऊन सोडलें. पोतें उघडल्यावर तें पळालें नाहीं. माझ्या पायांपाशीं येऊन उभें राहिलें. मी सायकलवर बसलों आणि मागें न पाहतां घरीं आलों.

आई ओसरीवर तांदूळ निवडीत होती. तिनें रिकामें पोतें पाहिलें. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “अरे, त्याच्यासाठी राख कुठं ठेवली होतीस?”

मीं उत्तर दिलें नाहीं, कारण उत्तर नव्हतें. घरांत राख नव्हती. परसांत माती नव्हती. त्या पिलानें फरशीवर पंजे घासले होते, हें मीं स्वतः पाहिलें होतें, आणि त्याला मी खोडी समजलों होतों. तें झांकावयास माती शोधीत होतें. कागदांचा ढीग त्याला हलवितां येत होता, म्हणून त्यानें तो निवडला. ज्या मुलाला पाटीच दिली नाहीं, त्याला अक्षर काढतां येत नाहीं म्हणून मीं छड्या मारल्या होत्या. संध्याकाळीं मी परत बांधावर गेलों. पुढें तीन दिवस गेलों. पिलूं सांपडलें नाहीं. त्या फडांतून काय काय हिंडतें, तें मीं आपणांस वर सांगितलेंच आहे.

ही कबुली मी मुद्दाम दिली. कारण आजहि शहरांत पुष्कळ पिलें याच एका आरोपावरून घराबाहेर जातात. तीं पोत्यांतून जात नाहींत, खोक्यांतून जातात, एवढाच फरक. म्हणून अनुभवानें आणि वाचनानें जें समजलें तें थोडक्यांत सांगतों.

पिलूं तीन आठवड्यांहून लहान असेल तर त्याला स्वतः मलमूत्र विसर्जनहि करतां येत नाहीं. आई चाटते तेव्हां तें होतें. आई नसेल तर दूध पाजल्यावर कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या कापसानें हलकेंच पुसावें लागतें. तिसरा-चवथा आठवडा लागला कीं पिलूं आपण होऊन माती उकरूं लागतें. आईवांचून वाढलेलें पिलूंहि उकरतें. तेव्हां बुटक्या कांठाचें तबक घ्यावें, म्हणजे त्याला आंत चढतां येईल. त्यांत दोन बोटें खोल कोरडी वाळू, साधी दाणेदार माती किंवा बारीक फाडलेला कागद घालावा. गोळा होणारी माती इतक्या लहान पिलाला देऊं नये. या वयांत तें सर्व कांहीं चाखून पाहतें, आणि ती माती पोटांत फुगते. तबक शांत कोपऱ्यांत असावें. अन्नपाण्यापासून दूर असावें. जेथें जेवावें तेथें बसूं नये, हा नियम मांजर आपल्याइतकाच पाळतें.

पहिले कांहीं दिवस पिलाला एकाच खोलींत ठेवावें. झोंपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला उचलून तबकांत ठेवावें आणि आपण बाजूला व्हावें. त्याचे पंजे धरून मातींत घासूं नयेत. त्यानें तें भितें आणि तबकच टाळूं लागतें. चुकून बाहेर केलें तर त्यांतला थोडा भाग तबकांत नेऊन ठेवावा, म्हणजे वासानें त्याला जागा कळते. जमीन पाण्यानें व साबणानें धुवावी. फिनेल मात्र मांजराच्या वाटेला येऊं देऊं नये, तें त्याला विषासमान आहे. मारणें आणि नाक घासणें यांनीं पिलूं एवढेंच शिकतें कीं, माणसासमोर बसणें धोक्याचें आहे. मग तें कपाटामागें जातें. घरांत मांजरें जितकीं, त्याहून एक तबक अधिक ठेवावें. आणि नेहमीं नीट वागणारें मांजर एकाएकीं बाहेर करूं लागलें, किंवा तबकांत बसून कुंथूं लागलें, तर तो हट्ट न समजतां आजार समजावा. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेततें. त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें.

एक गोष्ट गृहिणींसाठीं विशेष. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म जीव आहे. तो १९०८ सालीं ओळखला गेला, आणि मांजराच्या विष्ठेंतून तो पसरतो हें १९६५ ते १९७० च्या सुमारास सिद्ध झालें. गर्भवतीच्या पोटांतील बाळाला त्याच्यापासून अपाय होऊं शकतो. मात्र विष्ठा ताजी असतांना त्याचीं बीजें बाधक नसतात. तीं बाधक व्हावयास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून तबक रोज साफ करावें, गर्भवतीनें तें काम दुसऱ्यावर सोंपवावें, आणि ज्यानें केलें त्यानें हात स्वच्छ धुवावेत. ती घाण भाजीच्या वाफ्यांत टाकूं नये. घरांत मुलगी गर्भार राहिली म्हणजे मांजर घालवून देण्याची घाई होते. रोजच्या स्वच्छतेनें आणि हात धुण्यानें बहुतेक भय टळतें, तेव्हां त्या मुक्या जीवाला घराबाहेर काढण्याचें कारण नाहीं. आजी रोज सकाळीं राख बदलीत असे. तिनें हें शास्त्र वाचलें नव्हतें, पण तिच्या घरीं कोणतीहि घाण दुसरा दिवस पाहत नसे.

गेल्या वर्षीं पुण्याला मुलीकडे गेलों होतों. सदनिका चवथ्या मजल्यावर. माती पाहावयाची तर खिडकींतून वांकावें लागतें. नातीनें रस्त्यावरून एक पिलूं आणलें होतें आणि मुलगी चिंतेंत होती. नातीनें विचारलें, “आबा, याला कसं शिकवायचं?” मीं कुंडींतली थोडी कोरडी माती एका ताटलींत ओतली आणि पिलाला वर ठेवलें. त्यानें वास घेतला, एका पंजानें माती मागें सारली, मग दुसऱ्या पंजानें. मग बसलें, आणि उठून फार गंभीर मुद्रेनें सर्व झांकून टाकलें. नात टाळ्या पिटूं लागली. मला मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वींच्या फरशीवर घासल्या जाणाऱ्या पंजांचा आवाज ऐकूं आला.

वारूळवाडीच्या माझ्या घरीं आतां चूल नाहीं. परंतु मागील दारीं एक घमेलें आहे. त्यांत मीं कोरडी वाळू भरून ठेविली आहे आणि पावसाचें पाणी लागूं नये म्हणून वर एक पत्रा टाकला आहे. गल्लींतलें एक कबरें मांजर रोज पहाटे तेथें येऊन जातें. तें माझें नव्हे. मीं घमेलें स्वच्छ करतों तेव्हां तें कोब्यावर बसून, काम नीट होतें कीं नाहीं, तें पाहत असतें.